तालुक्याच्या कॉलेजातलं रसायनशास्त्र

बारावीचा निकाल लागला की ओळखीचे-बिनओळखीचे पालक घरी येतात आणि फिरून फिरून तोच प्रश्न विचारतात : पोरीला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करायचंय, इथंच घालू की पुण्याला पाठवू? तालुक्याच्या ठिकाणी रसायनशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं गेल्यावर मला एवढं कळलं आहे, की हा एक प्रश्न नाही, चार-पाच प्रश्नांची जुडी आहे. प्रयोगशाळेत काय शिकवावं, कोणत्या भाषेत शिकवावं, महाविद्यालय किती मोठं असावं, पदवी किती वर्षांची असावी आणि तिच्या जोरावर पुढं काय व्हावं, या प्रत्येकावर गेली कित्येक वर्षं चर्चा चालू आहे. मात्र बोलणारी माणसं वेगळी, बोलण्याच्या जागाही वेगळ्या. ती सगळी मतं एका ठिकाणी आणून कोणता वाद कुठवर आला आहे ते पाहावं, म्हणून हा आढावा.

'छोटं महाविद्यालय' म्हणजे कोणतं, ते आधी ठरवून घेऊ. जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांब, विद्यापीठाशी संलग्न, रसायनशास्त्र विभागात दोन ते चार शिक्षक, एक किंवा दोन प्रयोगशाळा, आणि तिसऱ्या वर्षाला पंधरा-वीस मुलंमुली. महाराष्ट्रात अशी महाविद्यालयं घाटावर आहेत तशी कोकणात, मराठवाड्यात आणि विदर्भातही आहेत. या लेखात त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

पार्श्वभूमी

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं विद्यापीठं निघाली, ती परीक्षा घेण्यासाठी. शिकवायचं महाविद्यालयांनी. अभ्यासक्रम एका ठिकाणी ठरायचा, वर्ग दुसऱ्या ठिकाणी भरायचा, ही घडी तेव्हा बसली आणि संलग्न महाविद्यालयांत ती आजही मोडलेली नाही. इतिहासाच्या किंवा गणिताच्या शिक्षकाला या घडीत थोडी तरी मोकळीक मिळते. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला ती मिळत नाही, कारण अभ्यासक्रमात एखादा प्रयोग आला की त्यासाठी रसायन, काचसामान, गॅस, पाणी आणि मोरी लागते. यातली एखादी गोष्ट नसली की प्रयोग फळ्यावरच होतो.

विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं प्रयोग करून रसायनशास्त्र शिकावं, ही कल्पना रुजवण्याचं मोठं श्रेय युस्टुस फॉन लीबिग यांना दिलं जातं. १८२४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते जर्मनीतल्या गीसेनला प्राध्यापक झाले. गीसेन हे तेव्हा एक लहानसं विद्यापीठगाव होतं. पुढं युरोपातून मुलं तिथं आली आणि तिथली पद्धत घेऊन परतली. आडगावाला चांगलं रसायनशास्त्र शिकवता येत नाही असं कुणी सरसकट म्हणू लागलं, की मला गीसेन आठवतं. अर्थात लीबिगना अभ्यासक्रम स्वतः ठरवता येत होता, हेही विसरून चालणार नाही.

आपल्याकडं विज्ञानाचं उच्च शिक्षण आधी शहरांत वाढलं. मुंबईची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० मध्ये सुरू झाली, मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये, आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये. कमला सोहोनी यांनी १९३३ साली रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. मिळवली, तेव्हा या विषयात मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शिक्षण गावाकडं नेण्याचा प्रवाह वेगळा होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काढली आणि साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये उघडलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये औरंगाबादला सुरू झालं. पुणे विद्यापीठ १९४९, मराठवाडा विद्यापीठ १९५८, शिवाजी विद्यापीठ १९६२ अशी विद्यापीठं वाढत गेली आणि त्यांच्या आसऱ्यानं तालुक्यांच्या गावी विज्ञान शाखा आल्या. पुढच्या काळात विनाअनुदानित तुकड्यांची भर पडली. त्यामुळं आज एकाच इमारतीत पूर्ण पगाराचे प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक शेजारी शेजारी शिकवताना दिसतात. पुढचे बरेचसे वाद या घडणीतून आले आहेत.

टेबलावर

वादांकडं जाण्याआधी प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल आहे. पोटॅशियम परमँगनेटचं ऑक्झॅलिक आम्लाशी टायट्रेशन. मुलगी पिपेटनं दहा मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल कोनिकल फ्लास्कमध्ये घेते, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालते, बर्नरवर फ्लास्क हाताला सोसवेना इतपत गरम करते आणि ब्युरेटमधून जांभळा थेंब सोडते. रंग जात नाही. ती फ्लास्क हलवत राहते, काही सेकंदांनी गुलाबी छटा विरते. दुसरा थेंब त्याहून लवकर विरतो, तिसरा लगेच, आणि मग धार सोडली तरी रंग टिकत नाही. ती विचारते, "सर, पहिल्याच थेंबाला एवढा वेळ का?"

चांगलं रसायनशास्त्र या प्रश्नापासून सुरू होतं. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे द्विसंयुजी आयन त्याच अभिक्रियेचे उत्प्रेरक असतात. पहिल्या थेंबाला ते हजर नसतात, नंतरच्या थेंबांना आयते मिळतात. पाठ्यपुस्तकात स्वयंउत्प्रेरण हा एक परिच्छेद आहे. इथं तो डोळ्यांसमोर घडला. त्यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. मुलीच्या हातात स्वतःचं ब्युरेट लागलं आणि प्रश्न विचारला त्या क्षणी शेजारी शिक्षक लागला.

या दोन गोष्टी कुठं मिळतात आणि कुठं नाहीत, याचं उत्तर सरळ नाही. पंधरा मुलांच्या वर्गात प्रत्येकाला ब्युरेट मिळू शकतं. शहरातल्या भरगच्च बॅचमध्ये दोघांत एक सेट द्यावा लागतो. पण त्याच छोट्या प्रयोगशाळेत अचूक वजनाचा डिजिटल काटा एकच असतो. वजनाला माणशी चार मिनिटं धरली तरी पंधरा मुलांचा एक तास काट्यापुढच्या रांगेत जातो. वीज गेली की डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट बंद. साडेचारची एसटी चुकली तर पुढची साडेसहाला, म्हणून सव्वाचारला मुली टेबल आवरायला लागतात. प्रयोगशाळा परिचराचं पद रिकामं असलं तर द्रावणं शिक्षकच करतो, आणि द्रावणं करणारा शिक्षक मुलीच्या टेबलाशी उभा राहू शकत नाही.

जर्नल हा आणखी वेगळा विषय. टायट्रेशनची तीन रीडिंग्ज घ्यायची आणि एकसारखी आली की ती सी.बी.आर. (स्थिर ब्युरेट रीडिंग) म्हणून लिहायची, असा नियम आहे. कितीतरी जर्नलांत तिन्ही रीडिंग्ज ९.८, ९.८, ९.८ अशी असतात. पहिलं खरं असतं, उरलेली दोन वेळेअभावी लिहिलेली. मोठ्या कॉलेजांतही हेच चालतं. ९.७, ९.९, ९.८ ही रीडिंग्ज जास्त विश्वासाची आहेत, हे मुलांना पटवायला मला दर वर्षी पहिलं सत्र लागायचं.

प्रयोग कोणते आणि कशासाठी

रसायनशिक्षणातला सगळ्यात जुना वाद इथंच आहे. एक बाजू म्हणते, आपलं प्रॅक्टिकल म्हणजे पाककृती झालं आहे. कृती दिलेली, उत्तर माहीत असलेलं. मूल कृती वाचतं, ओततं, लिहितं. ॲलेक्स जॉनस्टोन या स्कॉटिश रसायनशिक्षकानं या बाजूला भक्कम पाया दिला. १९९१ च्या सुमारास त्यांनी मांडलं, की रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतं : डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे अणू-रेणू, आणि कागदावरची चिन्हं व समीकरणं. तज्ज्ञ या तिन्हींत सहज ये-जा करतो. नवशिक्याला तिन्ही एकदम दिली की त्याची कार्यस्मृती भरून जाते आणि तो कृतीचा कागद धरून बसतो. डॅनियल डोमिन यांनी १९९९ मध्ये प्रयोगशाळेतल्या शिकवण्याचे चार प्रकार केले : कृती देऊन करून घेणं, शोध घ्यायला लावणं, मार्गदर्शनानं निष्कर्षापर्यंत नेणं आणि समस्या देऊन सोडवायला लावणं. आपली विद्यापीठं जवळजवळ पूर्णपणे पहिल्या प्रकारात आहेत, असं ही बाजू म्हणते आणि ते खरंही आहे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की हात बसल्याशिवाय शोध लागत नाही. पिपेट धरायला, मेनिस्कस वाचायला, गाळणकागद घडी घालून फनेलमध्ये बसवायला दोन वर्षं जातात. बारावीपर्यंत ज्यांनी टेस्टट्यूब हातात धरलेली नाही, त्यांना पहिल्याच दिवशी "तुम्हीच पद्धत शोधा" म्हटलं तर गोंधळ होईल, अपघातही होईल. दोन शिक्षकांच्या विभागात प्रत्येक मुलाचा प्रयोग वेगळा चालू दिला तर लक्ष कोण ठेवणार? हा आक्षेप कामचुकारपणाचा नाही. प्रयोगशाळेत उभं राहिलेल्या कुणालाही तो कळेल.

याचंच एक टोक म्हणजे मिश्रणाचं गुणात्मक विश्लेषण, ज्याला मुलं सॉल्ट ॲनालिसिस म्हणतात. धन आणि ऋण रॅडिकल ओळखायची, एकेक गट पायरीपायरीनं वेगळा करायचा. उद्योगात आज असं कुणी करत नाही. तिथं यंत्रं आहेत. म्हणून ते काढा, असं एक मत. शिवाय त्यात हायड्रोजन सल्फाइड लागतो, शिसं, बेरियम, क्रोमियम मोरीत जातं आणि तालुक्याच्या गावात त्या पाण्यावर प्रक्रिया होत नाही. उलट मत असं, की विद्राव्यता, संकुल संयुगं, आम्लता यांचं गणित एकत्र लावायला याच्याइतका चांगला व्यायाम दुसरा नाही. डायमिथाइल ग्लायॉक्झिम घातल्यावर निकेलचा गुलाबी-लाल साका उतरताना पाहिलेलं मूल संकुल संयुगांचा धडा सहसा विसरत नाही. माझा कल दुसऱ्या मताकडं आहे, पण मोरीचा मुद्दा मला कधीच खोडता आलेला नाही.

वाटेतला एक तोडगा पुढं आला आहे, आणि तोही एका छोट्या महाविद्यालयातून. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बोडॉइन कॉलेजात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेंद्रिय प्रयोगशाळेतली हवा खराब व्हायची. वायुवीजनावर मोठा खर्च करण्याऐवजी डॅना मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगच लहान केले : ग्रॅमऐवजी मिलिग्रॅम, फ्लास्कऐवजी बोटभर भांडी. त्यातून सूक्ष्मप्रमाण रसायनशास्त्राची पद्धत उभी राहिली आणि ती जगभर गेली. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडल्यावर तिला आणखी बळ आलं. आपल्या विद्यापीठांनीही काही घातक प्रयोग वगळले आणि हरित पर्याय अभ्यासक्रमात घेतले. ज्याच्याकडं पैसा कमी आणि मोरी एकच, त्या महाविद्यालयाला ही पद्धत सगळ्यात सोयीची, हे उघड आहे. तरी तिथं ती फारशी गेलेली नाही. कारण परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक जुन्या मापानंच प्रयोग लावतात आणि शिक्षक मुलांना परीक्षेच्या मापानंच शिकवतो.

आभासी प्रयोगशाळेचा पर्याय २०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांनी वापरून पाहिला. पडद्यावरचं टायट्रेशन कल्पना समजावायला आणि प्रयोगाआधीच्या तयारीला उपयोगी पडतं, यावर आता फारसं दुमत नाही. ते टेबलावरच्या प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही, यावरही नाही. हा वाद जवळजवळ मिटला आहे.

यंत्रांचं तसं नाही. तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात अवरक्त वर्णपटविज्ञान आहे, एन.एम.आर. आहे, क्रोमॅटोग्राफी आहे; महाविद्यालयात पी.एच. मीटर, कंडक्टोमीटर आणि कलरीमीटर आहे. एच.पी.एल.सी. अनेकांनी पहिल्यांदा पाहिलेलं असतं ते नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर. जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना, विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची फिस्ट योजना यांतून काही महाविद्यालयांना यंत्रं मिळाली. देशभरातली यंत्रसामग्री एका ठिकाणी नोंदवणारं आय-स्टेम हे पोर्टल २०२० पासून आहे. काहींच्या मते यंत्र विकत घेण्यापेक्षा वर्षातून दोन दिवस मुलांना विद्यापीठात नेणं शहाणपणाचं, कारण न वापरलेलं यंत्र दोन वर्षांत बंद पडतं आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये जातं. इतरांचा अनुभव असा, की सहलीत यंत्र दिसतं, कळत नाही. बटण स्वतः दाबावं लागतं. दोन्ही अनुभव खरे आहेत.

भाषेचा प्रश्न

पहिल्या वर्षाच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलं मराठी माध्यमातून किंवा सेमी-इंग्रजीतून आलेली असतात आणि पुस्तक इंग्रजी असतं. शिक्षक मराठीत समजावतो, फळ्यावर इंग्रजीत लिहितो, मुलं इंग्रजीत पाठ करतात. हे दुहेरी जगणं इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याची किंमत मोजायची राहून जाते.

कॅसल्स आणि जॉनस्टोन यांनी १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये दाखवलं होतं, की विज्ञान शिकताना मुलं तांत्रिक शब्दांपेक्षा साध्या, रोजच्या वाटणाऱ्या शब्दांवर जास्त अडतात. तेही इंग्रजी मातृभाषा असलेली मुलं. आपल्याकडं हे दुपटीनं घडतं. 'स्पॉन्टेनियस' म्हणजे आपोआप घडणारी, असं मुलगा शिकतो आणि ती लगेच घडणार असं समजून बसतो. मग हिऱ्याचं ग्रॅफाइट होणं ही तशीच प्रक्रिया आहे म्हटल्यावर त्याचा विश्वास बसत नाही. 'रिडक्शन' म्हणजे कमी होणं, आणि इथं तर इलेक्ट्रॉन मिळतात! मराठीतल्या 'क्षपण' या शब्दानं हा घोटाळा होत नाही, पण 'क्षपण' त्यानं शाळेनंतर ऐकलेलाच नसतो.

मराठीतून शिकवावं असं म्हणणाऱ्यांच्या मागं मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरला बाळाजी प्रभाकर मोडक यांनी मराठीतून रसायनशास्त्र लिहिलं. राज्य झाल्यावर भाषा संचालनालयानं परिभाषा कोश केले, विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळानं पदवीच्या पातळीची पुस्तकं काढली, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ मधल्या 'अस्मिता' प्रकल्पात पाच वर्षांत भारतीय भाषांतून बावीस हजार पुस्तकं करायचं ठरलं आहे. या बाजूचा मुख्य मुद्दा आकलनाचा आहे : समजलेलं कोणत्याही भाषेत सांगता येतं, पाठ केलेलं त्याच भाषेत अडकून राहतं.

दुसरी बाजू मराठीच्या विरोधात नाही, एवढं नोंदवलं पाहिजे. तिची भीती वेगळी आहे. एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षा, नेट-सेट, शोधनिबंध, कंपनीतली कार्यपद्धतीची कागदपत्रं सगळी इंग्रजीत. गावातल्या मुलीनं तीन वर्षं मराठीत काढली तर चौथ्या वर्षी ती शहरातल्या मुलीच्या आणखी मागं पडेल. शिवाय भारतीय भाषांचा आपसांतही मेळ नाही. मराठीत अणू म्हणजे ज्याला हिंदीत परमाणु म्हणतात तो, आणि मराठीतला रेणू हिंदीत अणु होतो. मराठी मुलानं हिंदी पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर पाय घसरतो. भाषांतराची मोठी कामं हिंदीवरून मराठीत होऊ लागली, तर ही चूक छापून येईल अशी काळजी मला वाटते.

व्यवहारात अनेक शिक्षकांनी मधली वाट काढली आहे : संकल्पना मराठीत, संज्ञा इंग्रजीत, लेखन हळूहळू इंग्रजीत. प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत द्यावी, अशीही सूचना आहे. पहिल्या सत्रात इंग्रजीऐवजी 'रसायनशास्त्राचं इंग्रजी' शिकवावं, ही सूचना मला जास्त कामाची वाटते. पण त्याला ना रसायनशास्त्राच्या तासिकांत जागा आहे, ना भाषेच्या.

किती लहान म्हणजे फार लहान

२०१९ च्या शिक्षण धोरणाच्या मसुद्यानं एक चित्र मांडलं होतं : देशातल्या वीस टक्क्यांहून अधिक महाविद्यालयांत शंभरपेक्षा कमी विद्यार्थी, आणि तीन हजारांवर विद्यार्थी असलेली महाविद्यालयं जेमतेम चार टक्के. २०२० च्या धोरणात त्यावरून उद्दिष्ट आलं : २०४० पर्यंत प्रत्येक संस्था बहुविद्याशाखीय व्हावी आणि तिथं तीन हजार किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असावेत. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. रसायनशास्त्राच्या सेंद्रिय, असेंद्रिय, भौतिक आणि विश्लेषण अशा चार शाखा. दोन शिक्षकांच्या विभागात सेंद्रियमध्ये संशोधन केलेल्या माणसाला पुंजयामिकी शिकवावी लागते, आणि तो ती पुस्तकाच्या पुढं जाऊन शिकवू शकत नाही. मोठ्या संस्थेत चार माणसं चार विषय घेतील, यंत्र वापरात राहील, ग्रंथालय चालेल. महाराष्ट्रात समूह विद्यापीठाचे प्रयोग झाले आहेत : मुंबईत २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ आणि साताऱ्यात २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ. दोन्ही एकाच शहरातल्या संस्थांची आहेत. चाळीस किलोमीटर अंतरावरच्या तीन तालुक्यांची प्रयोगशाळा एक करायची तर काय करावं, याचा नमुना मात्र अजून कुठं दिसत नाही.

छोट्या महाविद्यालयांची बाजू घेणारे दोन गोष्टी पुढं ठेवतात. पहिली, अंतर. विलीनीकरणानं कॉलेज वीस किलोमीटर लांब गेलं तर मुलगा मोटारसायकल काढतो, मुलीचं शिक्षण मात्र थांबू शकतं. तालुक्याच्या विज्ञान वर्गात मुलींची संख्या वाढली त्यामागं कॉलेज जवळ असणं हे मोठं कारण आहे, हे वर्गात शिकवणारा कुणीही सांगेल. दुसरी, ओळख. पंधरा जणांच्या वर्गात शिक्षकाला कुणाचं ब्युरेट गळतं आणि कुणाच्या घरी कापणी चालू आहे, दोन्ही माहीत असतं.

मला या वादात एक पोकळी दिसते. दोन्ही बाजू डोकी मोजतात. एका विद्यार्थ्यानं वर्षभरात स्वतःच्या हातानं किती तास प्रयोग केला, हे कुणी मोजत नाही. मूल्यांकनाच्या अहवालात प्रयोगशाळेचं क्षेत्रफळ आहे, यंत्रांची यादी आहे, उत्तीर्णांची टक्केवारी आहे. टेबलावरचा तास नाही. तो मोजला तर काही छोटी महाविद्यालयं काही मोठ्यांच्या पुढं निघतील आणि काही छोटी फारच मागं पडलेली दिसतील, असा माझा अंदाज आहे. तो अंदाजच आहे.

रिकाम्या पदांचा प्रश्न आकारापेक्षा निकडीचा आहे, असं मानणारा तिसरा गट आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात : तासिका तत्त्वावरचा शिक्षक जूनमध्ये येतो, एप्रिलमध्ये जातो, पुढच्या वर्षी असेल की नाही ते त्यालाच ठाऊक नसतं. पगार उशिरा होतो. अशा माणसानं नवा प्रयोग बसवावा, मुलांना तीन वर्षं पाहावं, ही अपेक्षा कशी करायची? कॉलेज मोठं केल्यानं हे बदलत नाही. हा मुद्दा इतर दोन्ही बाजूंना मान्य आहे, तरी धोरणाच्या चर्चेत तो शेवटी येतो.

चौथं वर्ष

नव्या धोरणाची रचना राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनंतर ऑनर्स. चार वर्षांचे श्रेयांक १६० ते १७६. मुख्य विषयासोबत गौण विषय, खुला विषय, कौशल्य, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव. सिद्धान्ताचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास, प्रात्यक्षिकाचा म्हणजे तीस.

स्वागत करणारे म्हणतात, रसायनशास्त्राच्या मुलीला संगणक, अन्नप्रक्रिया किंवा अर्थशास्त्र शिकायची दारं उघडली, आणि जवळच्या औद्योगिक वसाहतीत काम करून श्रेयांक मिळू लागले. लोटे-परशुराम, महाड, कुरकुंभ, तारापूर अशा वसाहतींजवळच्या महाविद्यालयांना ही खरोखरच संधी आहे. साशंक असणारे वेळापत्रक पुढं करतात. विषयांची संख्या वाढली, आठवड्याचे तास तेवढेच. मग मुख्य विषयाच्या वाट्याला सुरुवातीच्या वर्षांत काय उरलं? आणि निवडीचं स्वातंत्र्य कागदावर राहतं, कारण ज्या कॉलेजात विज्ञानाचे चारच विभाग आहेत तिथं गौण विषय शिक्षक कोण आहे यावरून ठरतो. वसाहतीपासून दीडशे किलोमीटर लांब असलेल्या कॉलेजानं कामाचा अनुभव कुठं द्यायचा, हाही प्रश्न आहेच.

संशोधनासह ऑनर्सचं आणखी अवघड आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवलेल्यांनाच तो करता येतो आणि विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचं मार्गदर्शन आहे. दर्जा राखायचा तर अट रास्त आहे. पण तिचा परिणाम असा, की गावातली सगळ्यात हुशार मुलगी चौथ्या वर्षी गाव सोडेल किंवा संशोधनाचं वर्ष सोडेल.

पदवीनंतर

इथं मतभेद कमी, माहितीही कमी. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्यांपुढं मुख्यतः चार वाटा असतात : औषध किंवा रसायन कंपनीत गुणवत्ता नियंत्रण, एम.एस्सी., बी.एड. आणि स्पर्धा परीक्षा. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा २००४ पासून आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय उपक्रमही त्याच वर्षी सुरू झाला. तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती आहे. इन्स्पायर शिष्यवृत्तीत वर्षाला ८० हजार रुपये मिळतात. या सगळ्यांना तालुक्याची मुलं पात्र असतात आणि अर्जाची तारीख गेल्यावर त्यांना ते कळतं. फरक बहुतेक वेळा एका शिक्षकानं पडतो, जो सूचनाफलकावर कागद लावून थांबत नाही, मुलीला बसवून फॉर्म भरून घेतो.

न सुटलेलं

वादांची आजची स्थिती पाहता पडद्यावरच्या प्रयोगाबद्दल सहमती झाली आहे आणि सूक्ष्मप्रमाण पद्धतीबद्दल तत्त्वतः आहे, परीक्षापद्धतीत नाही. भाषेवर दोन्ही बाजू आकलन आणि संधी यांच्या मध्ये उभ्या आहेत. त्यातला तोल मुलं कुठून येतात यावर बदलेल, म्हणून राज्यभर एकच उत्तर शोधणं मला पटत नाही. आकाराच्या वादाला पुरावाच अपुरा आहे. मराठी माध्यमातून आलेल्या आणि तालुक्यात शिकलेल्या मुलांचं पुढं काय झालं, याचा सलग दहा वर्षं माग ठेवणारी नोंद विभागांकडं नाही. असली तरी ती एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या वहीत आहे.

घरी येणाऱ्या पालकांना मी आता सांगतो, प्रवेश घेण्याआधी एखाद्या दुपारी कॉलेजात जा, प्रॅक्टिकल चालू असताना दारात उभे राहा. किती मुलांच्या हातात काच आहे आणि किती मुलं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत आहेत, ते पाहा. शिक्षक टेबलांमध्ये आहे की कपाटापाशी द्रावण करतोय, तेही पाहा.

चौथ्या वर्षाचं काय होतं ते लवकरच दिसेल. २०२४-२५ मध्ये संलग्न महाविद्यालयांत दाखल झालेल्या मुलांचं तिसरं वर्ष २०२६-२७ मध्ये संपतं. त्यांतल्या किती जणी पुढच्या वर्षासाठी त्याच प्रयोगशाळेत परत येतात, किती जणी शहराची एसटी धरतात आणि किती जणी तिथंच थांबतात, हे २०२७ च्या जूनमध्ये प्रत्येक विभागाला आपल्या हजेरीपटावर मोजता येईल.